क्यूसी आप्पांचं चीवर

लग्न लावताना नवरदेवाला मध्येच थांबवणारा माणूस मी एकच पाहिला. कारेगावातला मंडप, मे महिन्याची दुपार, नवरदेव घामाने निथळलेला आणि आप्पा माइक धरून त्याच्यासमोर उभे. नवरदेवाने घाईत त्रिशरणातल्या ‘दुतियंपि’मधलं एक अक्षर गिळलं. आप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, "पुन्हा." नवरदेवाने पुन्हा म्हटलं, पुन्हा गिळलं. मुलाचे मामा तावातावाने पुढे आले. लोक उपाशी आहेत, आमटी गार होतेय, असं काही तरी म्हणाले. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "रिजेक्ट माल पुढं सोडत न्हाई मी," ते नवरदेवाला म्हणाले, "रीवर्क कर. सावकाश. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

आप्पा आमच्या वस्तीचे बौद्धाचार्य होते. लग्न, नामकरण, घरभरणी, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, सगळे विधी तेच लावायचे. त्याआधी ते रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. मशीनवरून उतरलेला पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते बघायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. रिटायर झाल्यावर कंपनीने त्यांना सोडलं, त्यांनी काम सोडलं नाही. लोक खिशाला पेन लावतात तिथे त्यांच्या खिशात व्हर्निअर असायचा. विहारातल्या मेणबत्त्या ते त्याने मोजून घ्यायचे. एक जाड आणि एक बारीक निघाली की जोडी दुकानात परत. सगळी वस्ती त्यांना क्यूसी आप्पा म्हणायची आणि त्यांना ते नाव आवडायचं.

एकदा एकाच्या घरभरणीला सकाळी दहाची वेळ ठरली होती. दहाला आप्पा हजर, घरमालक किल्ली घेऊन नातेवाइकांना आणायला गेलेला. आप्पांनी कुलूप लावलेल्या दारासमोर पायरीवर वंदना घेतली, परित्राण पाठ पूर्ण केला आणि साडेदहाला घरी निघून गेले. घरमालक संध्याकाळी भांडायला आला. तेव्हा आप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, की दार उघडल्यावर आतल्या भिंतींना काही कमी वाटलं का.

माणसांनाही त्यांचे तीनच शेरे असायचे. ओके, रीवर्क, रिजेक्ट. मी बारावी पास झाले तेव्हा पेढा घेऊन गेले होते. त्यांनी मार्कशीट उजेडात धरून बघितली, इंग्रजीच्या मार्कांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ओके. पण रिमार्कसकट." आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे बाकी सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं होतं. रिमार्क सांगणारे आप्पा एकटेच.

त्यांना कोणी काही बोलू शकत नसे, फक्त माई सोडून. माई म्हणजे त्यांच्या मिसेस. चहा कपाच्या कडेपासून बोटभर खाली असला की आप्पा कप परत करायचे. माई तो कप उचलून स्वतः पिऊन टाकायच्या आणि दुसरा द्यायच्या नाहीत. अजून एक गोष्ट होती, ती म्हणजे आप्पांची मिशी. डोक्यावरचे केस पांढरे ठेवले होते, पण मिशी काळीभोर. दर पंधरा दिवसांनी ते ती रंगवायचे आणि त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत, रंग ओठात जाऊ नये म्हणून. माई म्हणायच्या, महिन्यातले तेवढे दोनच दिवस सुखाचे.

माझा भाऊ सम्यक तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो बोलत नाही. त्याला ऐकू येतं, समजतं, पण बोलत नाही. ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागद आई घडी घालून कपाटातल्या साड्यांच्या खाली ठेवते. सम्यकला मोठा आवाज सहन होत नाही, नवं कापड अंगाला लागलं की तो ते काढून टाकतो आणि मशीन डोक्याजवळ आणली की तो जे ओरडतो ते ऐकवत नाही. म्हणून आई तो झोपला की कात्रीने त्याचे केस कापायची. एका बाजूला झोपला तर एकच बाजू कापून व्हायची. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी.

आप्पांची आणि त्याची ओळख विहाराच्या दारात झाली. पौर्णिमेच्या वंदनेला सगळे आत बसलेले असताना सम्यकने बाहेरच्या सगळ्या चपला मापाप्रमाणे लावून ठेवल्या. लहान बाळाच्या बुटापासून सरपंचांच्या कोल्हापुरीपर्यंत एकच सरळ रांग. प्रत्येक जोड्यातली डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. लोकांना आपल्या चपला सापडेनात, ते वैतागले. आप्पा मात्र रांगेच्या एका टोकाला गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" आईला वाटलं आता बोलणी बसणार. आप्पा उठले, सम्यकसमोर जाऊन म्हणाले, "ओके." बिनरिमार्कचं ओके त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे मुलगा मोठा व्हायला लागला की उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला श्रामणेर शिबिराला बसवतात, म्हणजे आठवडाभर शिकाऊ भिक्खू करतात. डोकं भादरतात, भिक्खूचं केशरी वस्त्र म्हणजे चीवर देतात. मग सात दिवस भंतेंबरोबर विहारात राहायचं, दहा शीलं पाळायची, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. शेवटच्या दिवशी भिक्षापात्र घेऊन रांगेने वस्तीत भोजनदानाला निघायचं. त्या सात दिवसांत तो कुणाचा मुलगा नसतो. आईबापसुद्धा त्याला वाकून ‘वंदामि भंते’ म्हणतात. वस्तीत बहुतेक घरांत भिंतीवर तो फोटो आहे, चीवर घातलेला, गुळगुळीत डोक्याचा, एरवी दिवसभर शिव्या देत क्रिकेट खेळणारा मुलगा.

त्या वर्षी सम्यकच्या वयाची सगळी मुलं बसणार होती. आई विहार कमिटीकडे नाव द्यायला गेली. कमिटीतले एक काका समजुतीच्या आवाजात म्हणाले, की ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, शेवटच्या दिवशी त्याला आणा, चीवर अंगावर टाकू, मुलांच्या मध्ये उभा करू, फोटो काढू. घरात लावायला होईल. घरी येऊन आईने गॅस पेटवला, लगेच बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पप्पा म्हणाले, बरोबर बोलतायत ते, लोकांना हसायला विषय कशाला द्यायचा. पप्पा एका कंपनीत लोडिंगला आहेत. सम्यकला घेऊन ते बाजारात जात नाहीत. त्यांना तो नकोसा आहे असं नाही. लोक बघतात ते त्यांना सोसत नाही. आई म्हणाली, "फोटो नको मला. बसवायचं तर खरंच बसवायचं."

खरंच बसवायचं म्हणजे आप्पांना विचारायचं. शिबिराची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. आई मला बरोबर घेऊन गेली. लग्नात एक अक्षर न सोडणारा माणूस न बोलणाऱ्या मुलाला काय पास करणार, असं मला वाटत होतं. मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं.

आप्पांनी फोटोची गोष्ट ऐकली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "म्हंजी पार्ट बनवायचाच न्हाई, नुसता स्टिकर लावायचा," ते म्हणाले. मग त्यांनी वही काढली आणि आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मशीनचा आवाज सोसत नाही, वस्तऱ्याचं काय? माहीत नाही. कापड नवं सोसत नाही, किती वेळा धुतलेलं सोसतं? आईने अंदाजे दहा वेळा सांगितलं. "अंदाजे चालत न्हाई, सूनबाई." दीड तास हे चाललं. शेवटी मीच धीर करून विचारलं, की आप्पा, त्याला तीनदा शरण म्हणता येणार नाही, मग तो नापासच ना.

त्यांनी वही मिटली. "पार्ट नापास झाला की नवखा इन्स्पेक्टर पार्ट फेकून देतो. जुना माणूस आधी गेज तपासतो. गेजच चुकीचं आसंल तर?"

मला गेज म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं. माईंनी सांगितलं, मापायची वस्तू. त्या पुढे म्हणाल्या, की तीस वर्षं हेच ऐकून मी अर्धी इन्स्पेक्टर झालेय.

कंपनीत डेव्हिएशन नावाचा एक कागद असतो. एखादा पार्ट ड्रॉइंगपेक्षा वेगळा निघाला, पण त्याच्या कामात काही अडचण येत नसेल, तर त्या कागदावर कारण लिहून साहेबाची सही घेतात आणि तो पार्ट पुढे जातो. आप्पांनी सम्यकसाठी तसा कागद बनवला. रकाने पाडले, मूळ अट, प्रत्यक्षात काय, का आणि कामात बाधा येते का. माझं अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं. मशीनऐवजी वस्तरा. नव्याऐवजी धुतलेलं चीवर. लाउडस्पीकर बंद. तोंडाने तीनदा याचना करण्याऐवजी तीन फुलं, एका शरणाला एक. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे ‘बाधा नाही’. हा कागद घेऊन आप्पा आणि मी एसटीने दौंडला गेलो. शिबिर घेणारे भंतेजी तिथे रेल्वे लाइनजवळच्या एका छोट्या विहारात राहायचे.

भंतेजी तरुण होते, आप्पांच्या निम्म्या वयाचे. त्यांनी कागद पूर्ण वाचला. मालगाडी जात होती म्हणून ती संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आप्पा, धम्माला सही कशाला लागते?"

"धम्माला लागत न्हाई भंते. लोकांना लागते. उद्या कुणी म्हणलं, ह्याला असंच घेतलं, दया म्हणून, तर माझ्याकडं कागद पायजे."

भंतेजी हसले, पण आवाज न करता. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "त्याला स्वतःला बसायचंय का?"

आप्पांनी कागद उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला लिहिलं असेल. हा रकानाच नव्हता. त्यांच्या हातून राहिलेली एवढी मोठी चूक मी पहिल्यांदाच बघत होते. ते कानापर्यंत लाल झाले. भंतेजी म्हणाले, आधी ते शोधा, मग सही. परतीच्या एसटीत आप्पा तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. उतरताना म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मटेरियलला इचारलंच न्हाई आपण."

म्हणून ट्रायल सुरू झाल्या. दर रविवारी सकाळी आठ वाजता आप्पांच्या अंगणात एक स्टूल. निमोण्याहून सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरणारा एक न्हावी यायचा. पहिल्या रविवारी सम्यकने वस्तरा बघितला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आप्पा स्वतः स्टुलावर बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "माझं कर." त्यांचं पूर्ण डोकं भादरलं. सम्यक लांबून बघत होता. मग आप्पांनी माईंची एक जुनी केशरी चादर चिवरासारखी नेसून दाखवली, तीन फुलं ताटात ठेवली आणि ट्रायल संपली. सम्यकला कुणी हात लावला नाही.

डोकं भादरलेले आप्पा सोमवारी गावात गेले आणि गोंधळ झाला. गावातले एक बागायतदार पाटील आबा रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरले, टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी न्हाई. ट्रायल हाय," आप्पा म्हणाले.

आबांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं दुःखाने बोलतायत. संध्याकाळी ते माईंना भेटायला घरी आले, घरात सगळं नेहमीसारखं बघून आणखी गोंधळले. वस्तीतल्या लोकांची तऱ्हा उलटी. आपल्यात तर कुणी मेलं म्हणून डोकं भादरत नाहीत, मग आप्पांनी गुपचूप कुणाचं तेरावं घातलं, जुन्या रूढींकडे वळले की काय, अशी कुजबुज सुरू झाली. कमिटीतल्या काकांनी विचारायला माणूस पाठवला. आप्पांनी त्याला व्हर्निअर दाखवून हाकललं. पुढच्या रविवारी नखभरही न वाढलेले केस त्यांनी परत काढायला लावले. न्हावी म्हणाला, आप्पा, काढायला काही नाही. आप्पा म्हणाले, ट्रायल म्हणजे ट्रायल.

तिसऱ्या रविवारी आप्पांचं झाल्यावर सम्यकने स्टुलावर बोट ठेवलं. चौथ्या रविवारी तो बसला, वस्तऱ्याची बोथट बाजू मानेवर फिरवू दिली. पाचव्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा तो आमच्याआधी तिथे होता. घरातून कधी निघाला ते आईला कळलंच नव्हतं. स्टूल त्याने स्वतः अंगणात आणून ठेवलं होतं, बरोबर नेहमीच्या जागी. आप्पांनी स्टुलाचं अंतर भिंतीपासून मोजलं, घरात जाऊन कागद आणला आणि मला नवा रकाना पाडायला लावला. ‘स्वतःची इच्छा : आहे.’ भंतेजींची सही दोन दिवसांनी झाली. तोपर्यंत माईंनी चीवर अकरा वेळा धुतलं होतं. "माझ्या लग्नाचा शालू एवढ्यांदा धुतला असता तर फाटला असता," त्या म्हणाल्या.

शिबिराचा दिवस उजाडला. स्पीकर नव्हता म्हणून लोक मूर्तीसमोर दाटीवाटीने बसले होते. कमिटीतले काका नाराज होते, पण पहिल्या ओळीत होते. पप्पा आले नव्हते. सुट्टी मिळत नाही म्हणाले होते. बाकीच्या मुलांची डोकी मशीनने आधी बाहेर लांब नेऊन केली, ती आप्पांचीच सूचना. मग सम्यकची पाळी आली. तो स्टुलाजवळ गेला, उभा राहिला आणि आप्पांकडे बघायला लागला.

आप्पांना लगेच समजलं. पाच रविवार त्याने शिकलेली गोष्ट एवढीच होती, आधी आप्पा, मग मी. ट्रायल इतक्या बिनचूक झाल्या होत्या की आता त्यातली एक पायरी वगळायची सोय नव्हती. आप्पा बसले. आठवड्याचे खुंट काढले गेले. लगेच सम्यक बसला, डोळे मिटले आणि न्हाव्याने खऱ्या धारेने त्याचं डोकं साफ केलं. एक आवाज नाही. आईने माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडीचा व्रण दोन दिवस राहिला.

मग चीवर. भंतेजींनी घडी केलेलं चीवर सम्यकच्या हातात दिलं. त्याने ते नेलं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं.

ट्रायलला चादर होती, हे खरं चीवर होतं. आप्पांनी भंतेंकडे बघितलं. भंतेजी म्हणाले, "आप्पा, अंगणात चालून गेलं. इथं नेसायचं तर प्रव्रज्या घ्यावी लागेल. सात दिवस."

आता सांगायला हरकत नाही, आप्पा स्वतः कधी श्रामणेर झाले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांची शिबिरं लावली. स्वतःचं निघालं की कधी शिफ्ट, कधी ऑडिट. माई म्हणायच्या, खरं कारण संध्याकाळचं जेवण. मला त्या दिवशी दुसरं कारण कळलं. भंतेजींनी बोट नुसतं वरच्या ओठाजवळ नेलं. आप्पांचा हात मिशीवर गेला.

"भंते," ते म्हणाले, "मिशीचं डेव्हिएशन..."

"बाधा येते, आप्पा."

"पोरगं बिथरंल. ट्रायलला मिशी व्हती. त्याच्या डोक्यात तसंच बसलंय."

बायकांमधून माईंचा आवाज आला. "पोरगं न्हाई, तुम्ही बिथरताय."

सगळे हसले, कमिटीतले काकासुद्धा. भंतेजींनी नियमाप्रमाणे माईंना विचारलं, की तुमची परवानगी आहे का. माई उठून उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "हाय. सातच दिवस का? दहाचं न्हाई का काही?"

न्हाव्याने मिशी काढली तेव्हा आप्पांनी डोळे गच्च मिटले होते. तिथला ओठ पांढराफटक निघाला, कधी ऊन न लागलेला. आम्ही सगळे सम्यककडे बघत होतो, कारण आप्पांनी सबब म्हणून सांगितलेलं खरंही होऊ शकत होतं. सम्यकने आप्पांचा चेहरा खूप वेळ बघितला. मग तो परत स्टुलावर जाऊन बसला आणि त्याने मान वर केली.

न्हाव्याला कळेना. डोकं तर झालं होतं. तो जवळ वाकला, आणि मग हळूच आईला म्हणाला, "ताई, ह्याला लव आलीय की." आई पुढे झाली. वरच्या ओठावर, उजेडात दिसेल न दिसेल अशी काळसर रेघ होती. रोज त्याचं तोंड पुसणाऱ्या आईला ती दिसली नव्हती. न्हाव्याने दोन बोटांनी ओठ ताणला आणि एकदाच वस्तरा फिरवला. आई बघत राहिली. मला वाटतं, तिचा मुलगा मोठा होतोय हे तिला त्या क्षणी समजलं. त्याआधी मोठं होणं म्हणजे नुसतं शिबिराचं नाव होतं.

दोघांना चीवर नेसवलं. याचनेला दोघे शेजारी बसले, समोर ताट, ताटाजवळ फुलं. आधी आप्पा, मग सम्यक, ठरल्याप्रमाणे. भंतेजींनी ओळ सांगितली. आणि आप्पा अडखळले. शेकडो लग्नांत म्हणून घेतलेलं वाक्य, पण त्यांच्या घशातून आवाजच आला नाही. भंतेजी थांबले आणि हळूच म्हणाले, "पुन्हा." मागे कुणी तरी मोठ्याने हसलं. तो जुना नवरदेव होता, कडेवर पोरगं घेऊन बसलेला. आप्पांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अर्ध्यात थांबले. ओठ थरथरत होता आणि झाकायला मिशी नव्हती.

सम्यकने थोडा वेळ वाट बघितली. मग त्याने पहिलं फूल उचललं आणि ताटात ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं. तिन्ही एका रेषेत. आप्पांच्या आधी.

भंतेजींनी त्याला शीलं दिली, मग आप्पांची शरणं पूर्ण करून घेऊन त्यांनाही. त्यानंतर आप्पांनीच उठून भंतेजींना एक गोष्ट सांगितली, जी कुणाच्या लक्षात आली नव्हती. संघात जो आधी येतो तो मोठा. वयाचा काही संबंध नाही. तेव्हा सात दिवस ते सम्यकच्या मागे चालतील, त्याच्यानंतर जेवायला बसतील आणि रोज सकाळी त्याला वंदन करतील. भंतेजी म्हणाले, एवढं काटेकोर नसलं तरी चालेल. आप्पा म्हणाले, कागद कुठंय त्याचा?

ते सात दिवस आप्पांना फार जड गेले. संध्याकाळी पाचला ते विहाराच्या खिडकीत उभे राहून आपल्या घराच्या धुराकडे बघायचे. सम्यक मात्र खुशीत होता. उठायची वेळ ठरलेली, बसायची ठरलेली, जेवायची ठरलेली, आणि कुणीही मध्येच ‘थांब, आज जरा उशीर होईल’ म्हणत नव्हतं. बाकीची मुलं मोबाइलसाठी रडली, एक जण तिसऱ्या दिवशी पळून गेला, त्याला परत आणलं. बारा वाजले की सम्यक आप्पांच्या पुढ्यातली थाळी उचलायचा, घास हातात असला तरी. माई कुंपणापलीकडून हे बघून गेल्या आणि घरी येऊन आईला म्हणाल्या, की एवढ्या वर्षांत मला जमलं नव्हतं.

राहिली शेवटची गोष्ट, भोजनदान. आईला त्याची धास्ती होती. रांग आमच्या गल्लीतून जाणार, सम्यकला आपलं दार दिसणार. तो आत पळाला तर? आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि बाहेर आलाच नाही तर? मग सगळे म्हणतील, बघा, फोटोपुरतंच बरं होतं. भंतेजींनी सुचवलं की तुमची गल्ली वगळू. आप्पा नाही म्हणाले. मशीनवरचं एक ऑपरेशन वगळून पार्ट पुढे जात नाही, सगळी दारं होतील.

त्या सकाळी आई पहाटेपासून उठलेली. भात, वरण, भेंडी, सगळं सम्यकला चालतं तसं. पप्पांची सेकंड शिफ्ट होती, ते घरातच होते, दाराच्या आत सावलीला उभे. बाहेर येणार की नाही ते मी विचारलं नाही. रांग गल्लीच्या तोंडाशी आली. सगळ्यात पुढे भंतेजी, मागे सम्यक, त्याच्या मागे पदर सावरत आप्पा, मग बाकीची मुलं. पहिल्या दारात शेजारच्या काकू वाकल्या. सम्यक थांबला, पात्र पुढे धरलं, घेतलं, पुढे निघाला. अजून तीन दारं. अजून दोन.

तो आमच्या दारासमोर आला. त्याने चौकटीकडे बघितलं, आतल्या भिंतीकडे बघितलं. आईचा हात पातेल्यावर थांबला होता, मग तिने वाढलं आणि एकदम खाली वाकली, कपाळ पायरीला लावलं आणि म्हणाली, "वंदामि भंते." ती तशीच राहिली. सम्यकने तिच्या डोक्याकडे बघितलं. हाताचा पंजा वर केला, आप्पांनी शिकवला होता तसा, आणि क्षणभर थांबून पुढच्या दाराकडे वळला. बाकीच्या दारांना जेवढा थांबला होता तेवढाच इथे थांबला.

आता आप्पा पात्र धरून उभे होते आणि आई वाकलेलीच होती. भिक्षू मागू शकत नाही. त्यामुळे आप्पांना बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. मागे रांग तुंबली. मी पुढे होणार तेवढ्यात पप्पा दारातून बाहेर आले. भर गल्लीत, सगळ्यांसमोर. त्यांनी आईच्या बाजूचा चमचा उचलला, आप्पांच्या पात्रात भात वाढला आणि विचारलं, "तो गेला का पुढं?"

आप्पांनी नुसती मान हलवली आणि चिवराचा घोळ दोन्ही हातांनी उचलून लगबगीने निघाले, कारण त्यांचे मोठे भंते दोन दारं पुढे गेले होते. पप्पा रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि तिकडे बघत राहिले. आई उठली तेव्हा सम्यक गल्लीच्या वळणावर पोचला होता, आणि त्याने मागे वळून बघितलं नाही.